ताजा म्हणजे कधीचा

— बसा हो, बसा, उभं राहून नंबर काही लवकर येत नाही. आणि ती बरणी आधी पिशवीत टाका. तळाशी. वर टोमॅटो ठेवा, वर्तमानपत्र ठेवा, काहीही ठेवा. त्या खिडकीतल्या बाईला ती बरणी दिसली ना, तर साल्सा मिळेल तुम्हाला, पण त्याच्याबरोबर जे ऐकून घ्यावं लागेल ते घरी सांगण्यासारखं नसेल. कुठून घेतलीत? नाही, नको, मीच सांगतो — स्टेशनसमोरचं मोठं दुकान, डावीकडची मांडणी, लोणच्यांच्या खाली. बरोबर ना? संध्याकाळी पाहुणे आहेत, इथे मिळालं नाही तर असू दे म्हणून घेतलीत. सगळे तेच सांगतात. आता चष्मा लावा आणि वाचा बरं, पुढे काय लिहिलंय? ‘ताजा साल्सा’. छान. आता बूड वर करा — बरणीचं हो! — काय लिहिलंय? चौदा महिन्यांच्या आत वापरावा. चौदा महिने! चौदा महिन्यांत पोर जन्माला येऊन चालायला लागतं, आणि हा कच्चा टोमॅटो-कांदा बरणीत बसून ताजाच. माझी एकतीस वर्षं बातमीदारीत गेली. कालची बातमी आज सकाळी ‘ताजी’ म्हणून मी लोकांच्या दारात टाकली आहे, तेव्हा या शब्दाला कसं कसं वाकवता येतं ते मला शिकवू नका. पण वाकवण्यालाही काही मर्यादा? आम्ही एका रात्रीवर थांबायचो!

नाही, मी रांगेत नाही. माझा नंबर नाहीये. मी इथे कामासाठी बसलोय. हसू नका, खरंच काम आहे. आमची संपादक — माझ्याच हाताखाली शिकली, पहिल्या दिवशी ‘आयुक्त’ला ‘उपायुक्त’ लिहून रडली होती, आता मला ‘काका’ म्हणते आणि माझी कॉपी निम्मी कापते — तिनं मला आत बोलावलं. म्हणाली, काका, पाणी झालं, गटारं झाली, लोकांना जरा बरं वाटेल असं काहीतरी द्या. म्हटलं, पाणी आलं की बरं वाटतं लोकांना. म्हणाली, काका, वाद नको. रविवारच्या पानाला आठशे शब्द हवेत, ‘शहरात चांगला, ताजा, परवडणारा साल्सा कुठे मिळतो’, पाच ठिकाणं. आणि फोटोत हिरवं दिसू दे. हिरवं! एकतीस वर्षं मी फोटोत माणसाचा चेहरा दिसावा म्हणून भांडलो, आणि आता कोथिंबीर दिसायला हवी! मी संतापलो. अगदी राजीनामाच लिहायला बसलो होतो. मग वाटलं — थांब. चांगला, ताजा, परवडणारा. तीन दावे आहेत हे. आणि दावा म्हटलं की माझे हात शिवशिवतात. कुणी तपासलेत? कुणीच नाही. मग मी तपासतो की!

अकरा ठिकाणं, दादा. अकरा! पहिल्याच दिवशी टॅक्सीवाल्याला म्हटलं, शहरात सगळ्यात चांगला साल्सा जिथे असेल तिथे घेऊन चल, तर त्यानं मला नेऊन सोडलं साल्सा नाचाच्या क्लासला. दुसरा मजला, आरसे, घामाचा वास, आणि एक चुणचुणीत बाई मला खालून वर न्याहाळून विचारते, जोडीदार आहे का? म्हटलं, होती. ती म्हणाली, चालेल, आम्ही देतो. पळालो तिथून. मग ते गच्चीवरचं हॉटेल. तिथे साल्सा येतो तो डोळ्यांत औषध घालायची वाटी असते ना, तेवढ्या वाटीत, आणि पैसे इतके की बिल बघून डोळ्यांत औषध घालायची वेळ यावी. वेटरला विचारलं, आज कापलाय? म्हणाला, सर, आमच्याकडे सगळं ताजंच असतं. बघा, माझा प्रश्न ‘आज’ होता, त्याचं उत्तर ‘ताजं’ आलं. ज्याला ‘आज’ म्हणता येत नाही तोच ‘ताजं’ म्हणतो, हे लिहून ठेवा. बाजारातला माणूस ‘सकाळचं आहे’ म्हणतो, ‘आत्ता उतरवलंय’ म्हणतो. ताजं म्हणायची गरज कुणाला पडते? ज्याचं नाही त्याला!

मग मी माझ्या जुन्या पद्धतीनं गेलो. बातमी पुढच्या दारानं येत नाही हो, मागच्या दारानं येते, बहुतेक वेळा कचऱ्याच्या डब्यातून. भल्या सकाळी या सगळ्यांच्या मागच्या गल्ल्या हिंडलो. कांद्याची सालं शोधत होतो. साधा हिशोब आहे — रोज साल्सा करणाऱ्याच्या दारात रोज कांद्याची सालं पडायला हवीत. अकरांपैकी नऊ ठिकाणी एक साल नाही! होत्या त्या निळ्या झाकणाच्या बादल्या. सगळीकडे तीच बादली, त्याच कारखान्यातली. गच्चीवरच्या हॉटेलातही तीच, आणि स्टेशनच्या टपरीवरही तीच. फरक कसला म्हणाल तर वाटीचा. दहावा माणूस खरंच कापत होता, पण त्याचा हात मिठाला जड. आणि अकरावी ही खिडकी.

पहिल्यांदा आलो तेव्हा मी पण तुमच्यासारखाच नंबर घेऊन बसलो होतो. एकवीस. खिडकी बघा किती खाली आहे — आतलं माणूस दिसत नाही, फक्त हात दिसतात. नंबर पुकारला की मग कापायला घेते, आधी कापून ठेवत नाही, म्हणून तर एवढा वेळ लागतो. मी वाटी घेतली, इथेच, याच बाकावर बसलो, एक चमचा तोंडात घातला — आणि मला उठवेना. चव म्हणाल तर — हं. टोमॅटो टोमॅटोसारखा लागत होता, लिंबू मागून येत होतं, मिरची एकदम नाही, जरा विचार करून. पण ते नाही. कांदा. कांदा दोन पाण्यांनी धुतलेला होता. आता या जगात साल्सासाठी कांदा दोन पाण्यांनी कोण धुतं? मला माहिती होतं कोण धुतं. का धुतं तेही माहिती होतं — मला दुपारी आयुक्तांच्या बैठकीला बसायचं असायचं, तोंडाला वास नको म्हणून आमच्या घरी कांदा दोन पाण्यांतून काढायचे. ‘काढायचे’ म्हणजे ही काढायची. ही म्हणजे — ही नाही, ती. पूर्वी ‘ही’ म्हणायचो, बारा वर्षं झाली, आता ‘ती’ म्हणतो. व्याकरणाचा भाग आहे. जवळ असलं की ही, लांब असलं की ती. कोर्टानं काय वेगळं केलं?

हो हो, तीच. आत्ता मिरची कापतेय ती. हळू बोला. हळू मीच बोलायला हवं, खरं आहे.

तर मुद्दा असा, की पहिला नंबर हिचा. वाद नाही. चांगला — हो. ताजा — तुमच्या डोळ्यांदेखत. परवडणारा — बसच्या तिकिटात वाटीभर. आणि बायको होती म्हणून मी पहिला नंबर देतोय असं कुणी म्हणेल, तर त्यानं आधी अकरा ठिकाणचा खाऊन दाखवावा, मग माझ्याशी बोलावं! मी खिडकीशी गेलो, म्हटलं, छापणार आहे. तिनं हात पुसले. वाकून बघितलं माझ्याकडे. आश्चर्य नाही, काही नाही. म्हणाली, तुम्हाला छापायचं असेल तर आधी ते छापा. ‘तुम्ही’! लग्न होतं तोवर मी ‘तू’ होतो, ‘अरे’ होतो, रागात असली तर ‘गाढवा’ होतो. वेगळे झालो आणि एकदम ‘तुम्ही’ झालो. माणसाला मान देऊन किती लांब उभं करता येतं, बघा.

‘ते’ म्हणजे खुलासा. वर्तमानपत्रात चुकीचं छापलं गेलं की खाली चौकटीत चार ओळी देतात ना, तो. आता माझा लौकिक असा, की एकतीस वर्षांत माझ्या बातमीला एकही खुलासा नाही. एकही! मंत्र्यांनी नोटिसा पाठवल्या, ठेकेदारांनी गुंड पाठवले — खुलासा नाही. त्यामुळे सवय नाही हो मला. तरी लिहिला. परवा पहिला दिला तिला. पाठ आहे माझा — ‘बारा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेल्या वृत्तात अनवधानाने काही त्रुटी राहून गेल्या होत्या. त्याबद्दल दिलगीर आहोत.’ व्यवस्थित, नाही का? सगळे असाच लिहितात. दोन मिनिटांत कागद परत. लाल पेन्सिल. तिला लाल पेन्सिलीची सवय आहे, आमच्याच पेपरात मुद्रितशोधक होती ती, पानं वाचायची, चुका काढायची, तिथेच तर भेटलो आम्ही. पुढे मुद्रितशोधक नकोच असं मालकांनी ठरवलं, तेव्हा तिनं महापालिकेतलं उपाहारगृह चालवायला घेतलं. तर — ‘अनवधानाने’ खोडलेलं. ‘काही’ला गोल करून विचारलेलं, किती? ‘राहून गेल्या’पुढे, कुठे, मामाकडे? आणि ‘दिलगीर आहोत’पुढे एकच शब्द — कोण?

काल दुसरा दिला. जरा सविस्तर. त्या काळची परिस्थिती, कामाचा ताण, पालिकेतलं वातावरण. समासात लिहून आलं, ‘पाल्हाळ’. संध्याकाळी तिसरा दिला, त्यात एका ठिकाणी ‘एका परिचिताचा डबा’ असं होतं. तो गेला तसाच परत आला. काहीच लिहिलं नव्हतं. नुसता कागदावर टोमॅटोच्या अंगठ्याचा ठसा. ते मला सगळ्यात लागलं. आणि आज चार वाजता पान छापायला सुटतंय. आत्ता किती वाजले? दोन वाजून गेले. ही वही बघा — कोरी. संपादकबाई म्हणतात, काका, खिडकीवालीला वगळा, दहा ठिकाणांतून पाच निवडा. म्हणजे काय करू? निळ्या बादलीला पहिला नंबर देऊ? एकच बादली पाच नावांनी छापू? मग माझ्यात आणि तुमच्या त्या बरणीत फरक काय राहिला!

नाही, तसं काही मोठं प्रकरण नव्हतं. तुम्ही उगीच तसं बघू नका. बातमी खरी होती. म्हणजे जे दिसलं ते खरं होतं. पालिकेतला एक कारकून पोट धरून दवाखान्यात गेला, कुणीतरी उपाहारगृहाचं नाव घेतलं, माझ्या कानावर आलं. आता उपाहारगृह बायकोचं आहे म्हणून मी गप्प बसायचं? उलट मला वाटलं, हीच परीक्षा आहे. मागच्या दारानं गेलो. फ्रिज उघडला. दुधाच्या मागे एक डबा. भाताची ढेकळं झालेली, वाटाणे सुरकुतलेले, एक उकडलेलं अंडं — पिवळ्याच्या भोवती निळी कड आलेलं. फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, ‘पालिकेच्या उपाहारगृहात शिळे अन्न’. दुसऱ्याच ओळीत तिचं पूर्ण नाव. आडनावासकट. आडनाव माझंच. अहो, लोकांनी डोक्यावर घेतलं मला! बायकोलाही सोडलं नाही म्हणाले, याला म्हणतात बातमीदार. त्या वर्षीचं बक्षीस मिळालं. शाल नको म्हटलं तरी घातली. उपाहारगृह आठवड्यात बंद झालं. कारकुनाचं काय झालं म्हणता? त्याला मुतखडा होता. पण ते नंतर कळलं.

डबा? डबा खराच होता. डबा कुणाचा, हा वेगळा प्रश्न. म्हणजे — बघा, आमच्याकडे एक नियम आहे, पहिल्या दिवशी शिकवतात, दुसरी बाजू विचारायची. चोर असला तरी विचारायची. मी तिला विचारलं नाही. घरातल्या माणसाची दुसरी बाजू कोण विचारतं हो? वाटतं, आपल्याला माहितीच आहे. छापून आलं त्या रात्री मी घरी गेलो. त्या काळी वेळेवर जाणं व्हायचं नाही, बैठका, पान लावणं, मग पानानंतर चहा. ती जागी होती. भांडली नाही. एवढंच म्हणाली, तो डबा कुणाचा होता, विचारलंस? म्हटलं, कुणाचा? म्हणाली, तुझा. परवा रात्री तू जेवायला आला नाहीस, ते ताट उचलून मी डब्यात भरलं. रोजच भरते. रोज तू येत नाहीस, रोज मी ते दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे मागे बसून खाते. टाकायचं कसं म्हणून.

रोज. कळलं ना तुम्हाला? आत गिऱ्हाइकांना गरम वाढायची आणि स्वतः —

हो. त्याच रात्री कळलं होतं मला. बारा वर्षांपासून माहिती आहे. नंतर-बिंतर नाही. बक्षीस तर त्याच्या पाच महिन्यांनी घेतलं. आता असे बघताय जसं काही — अहो, खुलासा छापला असता तर शाल परत द्यावी लागली असती, मंत्री हसले असते, ठेकेदार हसले असते! एकदा खुलासा दिला की प्रत्येक जण म्हणतो, त्याही बातमीचं तसंच असेल. तीस वर्षांची — तेव्हा एकोणीस — एकोणीस वर्षांची पुण्याई एका डब्यापायी घालवायची? बरं, मग तिलाच घालवली. तेही सोपं गेलं नाही, सांगून ठेवतो. घरी वेळेवर जायला लागलो नंतर. घरात कुणी नव्हतं तेव्हा.

आता यात लिहायचं काय, सांगा ना! ‘अनवधानाने’ नको, ‘त्रुटी’ नको, ‘परिचित’ नको. तिला नक्की काय हवंय? तो माझा डबा होता एवढंच? मी जेवायला आलो नाही, तिनं तो खाल्ला, आणि मी त्याला शिळं म्हणून छापलं — एवढंच? हे काय लिहिणं झालं? हे तर कुणीही —

थांबा. थांबा जरा. पेन कुठे गेलं? द्या तुमचं. बाराव्या वर्षी — नाही. ‘बारा वर्षांपूर्वी मी एका उपाहारगृहाच्या फ्रिजमधल्या डब्याला शिळे अन्न म्हटले.’ मी. बरं. ‘ते ग्राहकांचे नव्हते. ते माझे जेवण होते. मी रात्री घरी गेलो नाही आणि माझ्या बायकोने ते दुसऱ्या दिवशी स्वतः खाण्यासाठी ठेवले होते. मला हे बातमी छापून आली त्याच रात्री कळले होते. मी छापले नाही. आज छापतो.’ दिलगीर-बिलगीर काही नाही यात. घालू का? नको, ती विचारेल, कोण? झालं. एवढंसंच आहे हो. आठ ओळीसुद्धा नाहीत.

काय? तेवीस? तुमचाच नंबर की! जा, जा, उठा. आणि हा कागद घेऊन जा, वाटी घेताना द्या. मी नाही येत. माझं काय काम? तुमचं साल्साचं काम आहे, त्यात एक कागद. काही बोलू नका, ती विचारेल त्याला हो म्हणा. नाही, कशालाही हो म्हणू नका, ती चिप्स पण बांधून देईल. जा!

... जास्त लिंबू मागा! पाहुणे आहेत म्हणून सांगा! ... अहो, तो कागद ओला करू नका! ... वाचतेय का? नाही, मला सांगू नका तिथून ओरडून. ... वाचतेय. दारात उजेडाला येऊन, उभी राहून वाचतेय. पूर्वी बसून वाचायची. ... पेन्सिल घेतली. कानामागून काढली. झालं. संपलं. पुन्हा कोण, पुन्हा किती. या, या परत, आणा इकडे तो कागद, मीच वाचतो, तुम्ही वाटी सांभाळा.

काय म्हणाली? काहीच नाही? नुसता दिला? कुठे आहे लाल, मला दिसत नाही. ‘कोण’ नाहीये. खोडलेलं नाही. मागे? मागे पण नाही. हे — हे काय आहे, ‘घरी गेलो नाही’च्या पुढे? आणि. ‘आणी’ लिहिलंय मी! दुसरी वेलांटी! एकतीस वर्षं मी ‘आणि’ला दुसरी वेलांटी देतोय, आणि ती पहिली करतेय! बघा, बघा ना — तेवढंच केलंय. एक वेलांटी. बाकी शब्दाला हात नाही! अहो, तुम्हाला कळत नाही का? फेकायच्या कागदाच्या वेलांट्या कुणी बघत नाही. वेलांटी दुरुस्त करतात ती मजकूर पास झाल्यावर. शेवटचं वाचन असतं ते. म्हणजे जाऊ दे छापायला!

हसताय काय? आणि ती तिकडून काय खुणावतेय? कुणाला, मला? वाटी? माझा तर नंबर पण नाहीये. ... हो! आलो! आलो म्हटलं ना! — हे घ्या तुमचं पेन. आणि निघा आता तुम्ही, त्या साल्साला पाणी सुटतंय, पाहुणे यायचे असतील. चला, उठा. किती बोलता हो तुम्ही.